एका शब्दाची दुरुस्ती

"एकच शब्द हवाय, मॅडम," फोनवरचा माणूस म्हणाला. त्याच्या आवाजात इतका मध होता की मला आधी वाटलं, हा विमा विकतोय. मी भांडी विसळत होते, फोन खांद्यात आणि कानात धरला होता. "मागे तुम्ही आपल्या बसगाड्यांसाठी जी सूचना रेकॉर्ड केली होती ना, तिच्यात एक छोटीशी दुरुस्ती आहे. 'खाली'च्या जागी 'वर'. बाकी वाक्य आहे तसंच." माझ्या हातातला पेला सिंकमध्ये पडला. स्टीलचा होता, फुटला नाही, नुसता वाजत राहिला. आतल्या खोलीत ताई झोपली होती, किंवा झोपल्यासारखी पडली होती. मी नळ बंद केला आणि हळूच विचारलं, "का?" जसं काही मला माहीतच नव्हतं. तो खाकरला. "दांड्याच्या दिशेबाबत प्रवाशांमध्ये थोडा संभ्रम होत असल्याचं आढळलंय. खबरदारी म्हणून आम्ही सगळ्या गाड्या परत बोलावतोय." संभ्रम. हा शब्द मी तोंडात घोळवून पाहिला, आवाजाचा धंदा करणाऱ्यांना ती खोडच असते. भ्रम सगळा प्रवाशांचा, कंपनीने पदरचा फक्त 'सं' लावला होता. आणि गाड्या परत बोलावतायत म्हणे. बोलावणाऱ्याने बोलावल्यावर परत यायला गाड्या बऱ्या, ऐकतात तरी. बैल गेला नि झोपा केला, असं तोंडावर आलं होतं, पण धंद्याच्या फोनवर मी म्हणी वापरत नाही. "कधी येऊ?" एवढंच विचारलं.

संकटाच्या वेळी मागच्या दाराचा लाल दांडा खाली ओढा आणि दार बाहेर ढकला. हे वाक्य माझं. म्हणजे लिहिलेलं दुसऱ्या कुणाचं, आवाज माझा. या शहरात लिफ्ट थांबली की मजला मी सांगते, बँकेत फोन लावला की 'आपण रांगेत आहात' हे मी सांगते, दवाखान्यात कितव्या खिडकीवर जायचं तेही मीच. हजारो माणसं रोज मुकाट माझं ऐकतात आणि सांगितलं तिकडे वळतात. घरात मात्र माझं कुणी कधी ऐकलं नाही. घरात ताईचं ऐकायचं. ताई शाळेत गणित शिकवायची आणि तिचं घरातलं बोलणंही गणितासारखंच असायचं, उत्तर आधीपासून ठरलेलं. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं लोक म्हणतात. ताईने त्यातला पहिला अर्धा भाग कधीच वगळून टाकला होता. लहानपणी एकदा माळ्यावर चढायची शिडी आम्ही बाहेर काढली. मी खालून ओरडले, "ताई, वरची पायरी हलतेय!" ताईने माझ्याकडे बघितलं, मुद्दाम त्याच पायरीवर पाय दिला आणि धाडकन खाली आली. मनगट मोडलं. आईने विचारलं तेव्हा म्हणाली, "ही ओरडली, म्हणून माझा तोल गेला." आणि मार मला बसला. हा किस्सा आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याला सांगितला जायचा, भाऊजींना तर लग्न ठरायच्या आधीच. भाऊजी हसून मला म्हणाले होते, "धाकट्या बाई, आता माझ्या वाट्याचं ओरडणंसुद्धा तुम्हीच करा. माझी काही हिंमत होणार नाही." भला माणूस. जन्मभर ताईच्या मागून चालला, बसमध्येसुद्धा ती म्हणेल त्या सीटवर बसला.

त्या दिवशी ती मागची सीट म्हणाली. भाऊजींचा गुडघा दुखायचा, पाय लांब करता येतो म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाले होते. पुढचं मी बघितलेलं नाही, पण इतक्या वेळा ऐकलंय की आता मलाच बघितल्यासारखं वाटतं. इंजिनातून धूर, मग एकदम खूप धूर, पुढच्या दारात चेंगराचेंगरी, दार ना धड उघडं ना बंद. आणि मागच्या दाराजवळ ताई. तिने दोन्ही हातांनी लाल दांडा धरला आणि खाली ओढला. हलला नाही. तिने सगळा भार टाकला. तळव्याची कातडी सोलवटून निघाली, तरी ती लोंबकळत राहिली. मागून एक माणूस ओरडत होता, "अहो बाई, वर करून बघा! वर!" आणि माझी ताई, जिने आख्ख्या जन्मात कुणाचं ऐकलं नाही, ती खोकत खोकत त्याला म्हणाली, "नाही, खालीच. माझी बहीण सांगतेय." शेवटी त्या माणसाने तिला धक्का मारून बाजूला केलं, दांडा वर उचलला आणि दार उघडलं. लोक भराभर बाहेर पडले. सगळे वाचले, एक भाऊजी सोडून. त्यांची छाती आधीच नाजूक होती, तेवढ्या वेळाचा धूर त्यांना पुरला. दवाखान्यात ताईच्या हातांना बोळ्यांसारखी पांढरी बँडेजं बांधली होती, औषधाने डोळे जड झाले होते. मला बघून तिने विचारलं, "तू खाली म्हणालीस ना गं?" मी म्हटलं, "हो ताई. खालीच." "मग बरोबर," असं म्हणून तिने डोळे मिटले. ताईने उभ्या आयुष्यात माझं एकदाच ऐकलं, ते हे.

नंतर मी तिला माझ्याकडे घेऊन आले. माझ्या दोन खोल्यांत आतली तिला दिली, मी बाहेर दिवाणावर. हात बरे होईपर्यंत मी तिला भरवलं, वेणी घातली, आणि तिने भरवून घेतलं, ह्याचंच मला भय वाटायचं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आणि मग एका सकाळी ती आपणहून उठून बाहेर आली, खुर्चीत ताठ बसली आणि म्हणाली, "धाकटे, माझी चूक मला सापडली." जशी वहीतली सापडावी तशी. "तू वर म्हणत होतीस. रोज त्या बसने जायचे मी, रोज ऐकायचे. वर ओढा. मीच हट्टी. चिन्ह चुकलं माझं. मुलांना जन्मभर सांगितलं, चिन्ह चुकलं की सगळं गणित चुकतं." मी तिला म्हटलं, "नाही ताई, मी खाली म्हणाले होते. शपथ घेऊ?" तिने माझ्याकडे दयेने बघितलं. "तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतेयस. तो माणूस ओरडत होता ना, वर वर म्हणून? त्याने ऐकलं होतं. मी ऐकलं नाही. मी कधी कुणाचं ऐकलंय?" आणि त्या दिवसापासून ती सुधारायला लागली, ही त्यातली गंमत. जेवायला लागली. माझ्या पडद्यांना हातशिवण घातली, तळवे दुखत असताना. शेजारणीकडे जाऊन बसायला लागली आणि तिथेही हेच सांगायला लागली, की माझ्या हट्टापायी माझा नवरा गेला, सूचना बरोबर होती, मीच उलटं ओढलं. शेजारीण हळहळायची आणि जिन्यात मला गाठून म्हणायची, "काय बाई तरी तुमच्या ताई! तुम्ही एवढं स्पष्ट सांगितलेलं असताना!" मी निर्दोष सुटत होते. रोज थोडी थोडी, ताईच्या खर्चाने. मला त्या शेजारणीच्या थोबाडीत मारावीशी वाटायची.

स्टुडिओत मधाळ आवाजाचा माणूस प्रत्यक्षातही तसाच निघाला, गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बूट. मी त्याला विचारलं, मुळात हे झालं कसं. मी कोण, माझं त्या बसमध्ये कोण होतं, ते सांगितलं नाही. तो अगदी सहज सांगायला लागला, कारण त्याच्या दृष्टीने त्यात विशेष काही नव्हतंच. जुन्या गाड्यांना संकटाचं दार एका बाजूला होतं, नव्या गाड्यांना ते दुसऱ्या बाजूला आलं. दांडे जुन्याच साच्यातले. कारखान्यातल्या लोकांनी दांडा उलटा करून बसवला, चपखल बसला. फक्त खालचं वर झालं. "मग कुणाच्या लक्षात नाही आलं?" "कारखान्यातल्या माणसांना कशाला लक्षात येईल? त्यांच्या हाताला सवय असते. ती कुठे सूचना वाचतात!" "आणि चाचणी?" "चाचणी झाली ना. रीतसर झाली. आमचेच कामगार प्रवासी म्हणून बसवले होते. चुटकीसरशी बाहेर पडले सगळे." तो हसला. मला आठवलं, शाळेत पाहुणे तपासायला यायचे तेव्हा ज्यांना उत्तर येतं त्यांनाच पुढच्या बाकावर बसवायचे. बाहेर कसं पडायचं हे ज्यांना आधीच माहीत होतं, त्यांच्यापुरतं ते दार अगदी उत्तम होतं. "मग आता दांडे सरळ करणार?" "दांडे कशाला, मॅडम? दांडे मजबूत आहेत. दारावरच्या सूचनेच्या पट्ट्या नव्या चिकटवायच्या आणि तुमचा एक शब्द." बरोबरच होतं. दांडा लोखंडाचा, शब्द काय, हवेचा.

मी म्हटलं, मी सगळं वाक्यच नव्याने म्हणते. आणि त्याआधी एक वाक्य घालू, की पूर्वी आम्ही खाली ओढा असं सांगत होतो, ते चूक होतं. तो दचकला. "छे छे, लोक घाबरतील! आणि तुमचा आवाज आता, म्हणजे छानच आहे, पण जरा जाड झालाय. पूर्वीचं वाक्य गोड आहे. त्यातच बसवू. कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही." काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला मान डोलावत होता, त्याला असल्या कारागिरीची हौस असणार. ध चा मा करून माणूस मारल्याचं आपण ऐकत आलो. इथे माणूस आधी मेला होता आणि आता सावकाश मा चा ध करायचा होता. मी माइकसमोर उभी राहिले. वर. "जरा वरच्या पट्टीत, मॅडम." वर. "जरा तरुण." वर, वर, वर. एकच शब्द पुष्कळदा म्हटला की त्याच्यातला अर्थ निघून जातो म्हणतात. माझं उलटं झालं, त्याच्यात नको तितके अर्थ येऊन बसले. वर म्हणजे देवाने दिलेलं देणं, वर म्हणजे मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, आणि माणूस मेला की तो जातो तेही वरच. ताईच्या लग्नात 'वराला आणा' म्हणून कुणी ओरडलं, तेव्हा भाऊजी चप्पल शोधत होते. मी परत एकदा म्हटलं, वर. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "आता आला बघा, हा अगदी बसेल." नको म्हणून निघून यावंसं वाटलं मला. पण मी निघून आले असते तर उद्या दुसऱ्या कुणाची तरी ताई त्या दांड्याला लोंबकळली असती. तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती, आणि हो म्हणण्यात मान नव्हता.

त्याने जोडलेलं वाक्य लावलं. मागच्या दाराचा लाल दांडा वर ओढा. सांधा कुठे आहे ते मलासुद्धा कळेना. माझाच तरुण, खणखणीत, निष्पाप आवाज, जणू पहिल्यापासून हेच सांगत आलेला. ताई म्हणते ते आता खरं होणार होतं. ती कधी तरी पुन्हा बसमध्ये बसेल, हे ऐकेल, आणि मग मरेपर्यंत कुणी तिला पटवू शकणार नाही की ती चुकली नव्हती. मी रेकॉर्डिंगवाल्याला जुनं वाक्य एकदा लावायला सांगितलं आणि फोनवर टिपून घेतलं. घरी येऊन, पायातल्या चपलासुद्धा न काढता, ताईपुढे धरलं. खाली ओढा, खाली ओढा. तिने चष्मा लावला, आवाज ऐकायला चष्मा कशाला लागतो कोण जाणे, आणि शांतपणे ऐकून म्हणाली, "हे कुठे केलंस?" "केलं नाही, जुनं आहे!" "तूच मागे सांगितलं होतंस ना, स्टुडिओत हवा तो शब्द काढतात, हवा तो घालतात म्हणून? माझ्यासाठी एवढा खटाटोप कशाला करतेस गं, धाकटे?" आणि तिने माझ्या गालावरून हात फिरवला. तळवा खडबडीत झाला होता. पालथ्या घड्यावर पाणी. मला तिची कणव यायला हवी होती. आला तो राग. हिला माझं खरंही ऐकायचं नाही, म्हणजे नाहीच.

पण बसमधली पट्टी तर स्टुडिओत बनत नाही. मागच्या दारावर लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत तेच वाक्य छापलेलं असतं, ते मला ठाऊक होतं. गाड्या पाळीपाळीने कारखान्यात परत जात होत्या, आणि जी जाऊन आली तिच्या पुढच्या काचेवर हिरवी चकती लागायची. म्हणजे चकती नसलेली गाडी गाठायला हवी, आणि लवकर, कारण हिरव्या गाड्या रोज वाढत होत्या. ताई त्या दिवसानंतर बसमध्ये चढली नव्हती. मी तिला सांगितलं, मला चष्मा बदलायचाय, सोबत चल. ती तयार झाली. आजकाल ती कशालाही तयार व्हायची. थांब्यावर ऊन होतं. हिरवी चकती दिसली की मी म्हणायचे, "ही नको, गर्दी आहे." रिकाम्या गाडीलाही म्हणाले तेव्हा ताईने माझ्याकडे जरा बघितलं आणि पदराने वारा घेत उभी राहिली. शेवटी एक आली, काच कोरी, मळकी. आम्ही चढलो. पायरीवर मी ताईचा दंड धरला होता. दोघी मधल्या सीटवर बसलो. दार बंद झालं आणि माझा आवाज सुरू झाला. संकटाच्या वेळी मागच्या दाराचा लाल दांडा वर ओढा. मी पुढच्या काचेकडे पुन्हा बघितलं, चकती नव्हतीच. आवाज त्यांनी कचेरीत बसून सगळ्या गाड्यांत एकदमच बदलला होता, चकतीचा आणि त्याचा काही संबंध नव्हता.

ताईने डोळे मिटून ऐकलं. मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. इतक्या महिन्यांत तिचा चेहरा असा सैल मी पाहिला नव्हता. "बघ," ती म्हणाली, "वरच. किती स्पष्ट बोलतेस गं तू. लहानपणीसुद्धा स्पष्ट बोलायचीस, मीच बहिरी." आणि थोड्या वेळाने, "आता तरी माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. मला सवय झालीय." खिडकीबाहेर दुकानं जात होती. इथे मी गप्प बसायला हवं होतं. अक्कल असलेली कुणीही बाई गप्प बसली असती. पण जन्मभर शहराला रस्ता दाखवायचा आणि सख्ख्या बहिणीने मात्र आपल्याला खोटारडं ठरवायचं, प्रेमाने, गुडघ्यावर हात ठेवून, हे मला सोसवेना. मी तिचं मनगट धरलं आणि चालत्या गाडीत तिला मागच्या दारापर्यंत ओढत नेलं. "वाच," मी म्हटलं. आवाज चढला असावा, दोघं-तिघं वळून बघायला लागले. पट्टी होती. एक कोपरा सुटला होता, पण अक्षरं शाबूत होती. ताईने ती वाचली. मग पोराचं उत्तर तपासावं तशी, एकेका शब्दावर बोट ठेवून पुन्हा वाचली. 'खाली'वर बोट थांबलं.

"ही पट्टी नवी आहे?"

"जुनी. सगळ्या गाड्यांत हीच होती. आवाज आत्ता बदलला, गेल्या आठवड्यात. मीच जाऊन बदलून आले. तुझं काही चुकलं नव्हतं, ताई. सांगितलं तेच केलंस तू." मला आनंद झाला होता. हो, त्या क्षणी मला नुसता आनंदच झाला होता, की एकदाची हिला पटलं.

ताई मागच्या सीटवर बसली. खिडकीकडच्या जागेत नाही, अलीकडच्या. खिडकीची जागा तिने मोकळी ठेवली. "म्हणजे तुझं ऐकलं म्हणून," ती म्हणाली.

"मी नुसतं वाचलं होतं गं. दुसऱ्यांनी लिहून दिलेलं. मला काय माहीत दांडा कसा आहे ते?"

"ते कळतंय मला. तुझा दोष नाही, हे मला गणितासारखं कळतंय." तिचा आवाज अगदी साधा होता. "पण माझी चूक होती तोवर बरं होतं. आपल्या चुकीबरोबर माणूस राहतो, कसे तरी दिवस काढतो. ती कशाला काढून घेतलीस? आता मी तुझ्या घरी तुझ्याबरोबर कशी राहू? तू सकाळी चहा घे म्हणशील आणि मला तेच ऐकू येईल."

मी तोंड उघडलं. तिने हात वर केला, तो चरे पडलेला तळवा, आणि एखाद्या आजारी मुलाला सांगावं तसं मऊपणे म्हणाली, "बोलू नकोस. तू आता काही बोलूच नकोस."

ताई अजून माझ्याकडेच आहे, जाणार तरी कुठे. बाहेर मी बोलते, पोटासाठी बोलावं लागतं; परवाच एका नव्या इमारतीची लिफ्ट करून आले. घराचं कुलूप उघडलं की तोंड बंद. सकाळी चहा झाला की कप तिच्यापुढे ठेवते आणि तिला कळावं म्हणून कपावर चमचा वाजवते.